शंभर फूट खालचा चिनूक: डाउनरिगर, डायव्हर की तांब्याची तार?

जुलै लागला की लेक मिशिगनकाठच्या शिकागो-मिल्वॉकी पट्ट्यातल्या आपल्या मंडळींकडून ठरलेला प्रश्न येतो. सेकंडहँड का होईना, अठरा-वीस फुटी बोट घेतली, परवाना काढला, वर सॅमनचा स्टॅम्पही घेतला. आता चिनूक हा मोठा सॅमन मासा शंभर फूट खाली आहे, तर आमिष तिथवर पोचवायचं कशाने? दुकानात तीन गोष्टी पुढ्यात येतात: डाउनरिगर, डायव्हर आणि तांब्याची तार. चिनूक तिन्हींवर लागतो. पण तिन्ही एकदम घ्यायला गेलात तर खिसा रिकामा होईल आणि वर पहिल्याच फेरीत सगळ्या दोऱ्या एकमेकींत अडकतील.

माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिले पैसे डाउनरिगरवर घाला. तो रोज सगळ्यांत जास्त मासे देतो म्हणून नव्हे; कित्येक दिवशी देत नाही. पण आमिष किती खोल आहे आणि तिथलं पाणी काय करतंय, याचा पत्ता तिघांपैकी फक्त त्याच्याकडून लागतो. नवख्याला मासा हुकल्यापेक्षा जास्त छळतं ते का हुकला हे न कळणं.

मासा इतका खाली का जातो

चिनूक लेक मिशिगनचा मूळ रहिवासी नाही. मिशिगन राज्याने १९६६ मध्ये कोहो हा दुसऱ्या जातीचा सॅमन सोडला आणि १९६७ मध्ये चिनूक, दोन्ही पॅसिफिककडचे. समुद्रातून कालव्यांवाटे शिरलेल्या एलवाइफ या बोटभर माशाने तळ्यात उच्छाद मांडला होता. त्याला खाणारा कुणीतरी हवा होता आणि गळ टाकणाऱ्यांनाही काहीतरी दमदार हवं होतं. आज या तळ्यात नद्यांमध्ये आपोआप पैदास झालेला चिनूकही भरपूर आहे. पण त्याचं पोट अजून एलवाइफवरच चालतं. शेजारच्या लेक ह्युरॉनमध्ये २००३-०४ च्या सुमारास एलवाइफ कोसळला आणि पाठोपाठ चिनूकची मासेमारीही बसली.

हा थंड पाण्याचा मासा. साधारण ७ ते १२ अंश सेल्सिअस त्याला मानवतं. ऑगस्टमध्ये वरचं पाणी विशीच्या पुढे जातं, आणि खाली कुठेतरी थोडक्या फुटांत तापमान धाडकन उतरतं. त्या पट्ट्याच्या आसपास एलवाइफ आणि त्याच्या मागावर चिनूक. पट्टा आज ५० फुटांवर असेल, परवा ९० वर. विस्कॉन्सिनच्या बाजूला दोन दिवस पश्चिमेचा जोरदार वारा वाहिला की वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं, तळाचं गार पाणी किनाऱ्याला वर येतं आणि परवापर्यंत आठ-दहा मैल आत असलेले मासे धक्क्यावरून दिसतील इतक्या जवळ येतात. म्हणून 'किती खोल?' या प्रश्नाला कालचं उत्तर आज चालत नाही. कोकणात दर्यावर्दी मंडळी वावांत पाणी मोजतात. इथे फूट मोजतात, पण मोजल्याशिवाय सुटका तिथेही नाही आणि इथेही नाही.

डाउनरिगर

बोटीच्या मागच्या कठड्याला बसवलेली चरखी, तिच्यावर पोलादी तार, तारेच्या टोकाला दहा-बारा पौंडांचा गोळा. तुमची दोरी गोळ्याच्या जरा वर क्लिपमध्ये अडकवायची आणि गोळा खाली सोडायचा. रॉड वाकवून ताणून ठेवायचा. मासा लागला की दोरी क्लिपमधून सुटते, रॉड क्षणभर सरळ होतो आणि लगेच पुन्हा पाण्याकडे झुकतो. त्या क्षणभरात हात रॉडवर पडायला हवा. पुढची झुंज मोकळ्या दोरीवर, मध्ये शिसं नाही की डायव्हरची थाळी नाही. दहा वर्षांच्या पोरालाही मासा काढता येतो, आणि पहिली धाव शंभर यार्डांची असली तर मोठ्यांनाही हीच सोय आवडते.

आता तारेबद्दल. सोडलेली तार मोजणारा काउंटर १०० फूट दाखवतो म्हणजे गोळा १०० फुटांवर आहे असं नाही. बोट ताशी अडीच मैलांनी चालत असते, पाणी तारेला मागे रेटतं. तार उभ्या रेषेपासून ३० अंश मागे गेली असेल तर गोळा प्रत्यक्षात ८७ फुटांवर असतो. हा फरक डोळ्यांना दिसतो, हेच मोठं काम. त्याहून महत्त्वाचं असं, की उत्तरेकडे जाताना तार ३० अंश मागे आणि त्याच वेगाने दक्षिणेकडे वळल्यावर जवळपास उभी, असं झालं तर खाली प्रवाह आहे. जीपीएस दोन्ही वेळा अडीच मैलच सांगेल, पण खालचा स्पून (चमच्यासारखं धातूचं आमिष) एकीकडे भन्नाट फिरत असेल आणि दुसरीकडे मेल्यासारखा लोंबत असेल. खोलीवरचा वेग आणि तापमान सांगणारे प्रोब मिळतात, चांगलेही असतात, पण महाग. पहिल्या वर्षी तारेचा कोन पुरतो. गोळा सोनारच्या टप्प्यात असेल तर पडद्यावर त्याची सरळ रेघही दिसते आणि माशाची कमान तिच्या वर उमटली की खाली, तेही.

दोष आहेत. एका तारेवर साधारण एकच रॉड चालवावा. दुसरी दोरी वर अडकवता येते, पण नवख्याने त्या फंदात पडू नये. अर्ध्या किलोचं पिल्लू लागलं तर क्लिप सुटत नाही आणि तुम्ही ते ओढत बसता. रॉडचं टोक उगाच थरथरताना दिसलं तर गोळा वर घ्या. गोळा तळाला किंवा व्हाइटफिशवाल्यांच्या ट्रॅप नेटमध्ये अडकला तर छोट्या बोटीचा मागचा भाग खाली खेचला जातो. ही जाळी झेंड्यांनी दाखवलेली असतात; झेंडा दिसला की लांबून वळसा. तार तोडायची पक्कड हाताशी ठेवा, पेटीच्या तळाशी नको. आणि तार कधीही नुसत्या हाताने धरू नका.

आणखी एक अडचण गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली. क्वागा नावाच्या शिंपल्यांनी तळ व्यापला, पाणी गाळून गाळून काचेसारखं केलं. स्वच्छ पाण्यात बोटीची सावली, इंजिनाचा आवाज आणि गुणगुणणारी तार हे सगळं माशाला कळतं. कडक उन्हात बोटीखालचा डाउनरिगर तासन्‌तास थंड राहतो, याचं एक कारण हे. गोळ्यामागे आमिष लांब सोडलं तर थोडा फरक पडतो. पहाटेच्या अंधारात मात्र चमकणाऱ्या स्पूनवर बॅटरी मारून तो गोळ्यामागे जेमतेम दहा-पंधरा फुटांवर ठेवला तरी चालतं.

डायव्हर

डायव्हर म्हणजे प्लॅस्टिकची जड थाळी. दोरीला बांधली की बोटीच्या ओढीने ती खाली आणि बाजूला जाते; पाण्याखाली पतंग उडवावा तसा प्रकार. खालच्या चकतीवर आकडे असतात. आकडा मोठा, तेवढी थाळी बाजूला जास्त आणि खाली कमी. त्यामुळे आमिष बोटीच्या मार्गापासून दूर सरकतं, म्हणजे स्वच्छ पाण्याचा जो त्रास डाउनरिगरला होतो तो इथे कमी. किंमत डाउनरिगरच्या तुलनेत किरकोळ. बोटीला भोक पाडायला नको, भाड्याच्या बोटीवरही चालतं.

पण खोली अंदाजाने. वेणीची दोरी असेल आणि आकडा लहान असेल तर ढोबळमानाने दोन फूट सोडल्यावर एक फूट खाली. आकडा वाढवला की तीन फुटांना एक. म्हणजे ६० फूट गाठायला १२० ते १८० फूट दोरी. काउंटरचं रीळ नसेल तर डायव्हरच्या नादी लागू नका, कारण मासा लागलेला आकडा पुन्हा गाठता आला नाही तर उपयोग काय? ९०-१०० फुटांच्या खाली जायचं तर वेणीऐवजी पोलादी बारीक तार लागते आणि तिला खास टोकाचा रॉड. साधी नायलॉन नकोच. ती रबरासारखी ताणते आणि थाळीची ओढ मोडणारा खटका सुटत नाही. खटका सुटला नाही तर रिकामी थाळी परत ओढताना हात भरून येतात.

इथे एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. मासा जवळ आला की थाळी रॉडच्या टोकाला येऊन अडते. त्यापुढे रीळ फिरत नाही. मासा थाळीमागे सहा-आठ फुटांवर असतो, म्हणजे रॉड धरणाऱ्याने मागे सरकायचं, रॉड उंच करायचा आणि जाळी धरणाऱ्याने कठड्यावरून वाकायचं. त्याच वेळी चिनूकला बोट दिसते आणि तो खाली सूर मारतो. खालून वर येणारा मासा हवा सोडतो, त्यामुळे आधी बुडबुडे दिसतात. बुडबुडे दिसले की जाळीवाल्याने बोलणं बंद करायचं. दोघंच बोटीवर असाल तर थाळीमागची दोरी रॉडच्या लांबीपेक्षा आखूडच ठेवा.

तांब्याची तार

स्वच्छ पाण्यामुळे हिचे दिवस आले. ४५ पौंडी तांब्याची तार नेहमीच्या वेगाला दर शंभर फुटांमागे साधारण २०-२५ फूट बुडते. ३०० फूट सोडली तर आमिष साठ-सत्तर फुटांवर, बोटीच्या कितीतरी मागे, आणि प्लेनर बोर्डावर (दोरी बोटीपासून बाजूला नेणारी तरंगती फळी) लावलं तर बाजूलाही. सावली नाही, गुणगुण नाही. बोट वळली की आतल्या बाजूची तार खाली बसते, बाहेरची वर उचलली जाते, आणि त्या उतार-चढावातच बऱ्याचदा मासा चावतो. भर दुपारी बाकी सगळं गप्प असताना तांबं चालतं, हे मान्य करायलाच हवं.

तरी नवख्याला मी ती देणार नाही. सोडायला वेळ, ओढायला त्याहून वेळ. रीळ मोठं लागतं आणि एका रिळावर एकच लांबी, म्हणजे ३०० फूट आणि ४०० फूट हवी असेल तर दोन रॉड, दोन रिळं. सोडताना अंगठा सैल पडला तर तारेची गुंडाळी सुटून असा गुंता होतो की उकलत बसण्यापेक्षा कापणं बरं, आणि एकदा मुरगळलेली तार पुढे तिथेच तुटते. शिशाच्या गाभ्याची रंगीत दोरी हाताळायला सोपी आहे, पण दहा रंग, म्हणजे ३०० फूट, सोडले तरी जेमतेम पन्नासेक फूट. जूनमध्ये ठीक, ऑगस्टमध्ये अपुरी.

तर घ्यायचं काय

दोघांची छोटी बोट असेल तर हाताने फिरवायचे दोन डाउनरिगर आणि दोन डायव्हर. पहाटे मासा वर असतो, ३०-५० फुटांवर; ऊन चढलं की खाली सरकतो. डाउनरिगरने खोली शोधायची आणि सापडली की डायव्हरची दोरी त्या बेताने सोडायची. विस्कॉन्सिन आणि मिशिगनमध्ये माणशी तीन रॉड चालतात, पण दोघांनी सहा लावायचा मोह टाळा. विजेवरचे डाउनरिगर हाताच्यापेक्षा कित्येक पट महाग असतात. शंभर फुटांवरून गोळा दिवसात वीसदा वर घ्यायचा असेल किंवा खांदा दुखत असेल तर पैसे वसूल. नाहीतर हातच बरे.

वर्षातून एक-दोनदाच जाणार असाल तर यातलं काहीच घेऊ नका. रॅसीन, शबॉयगन, अल्गोमा, लडिंग्टन, जिथे जवळ पडेल तिथे चार्टर, म्हणजे कप्तानासकट भाड्याची बोट, घ्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लडिंग्टनजवळ मिळालेला ४७.८६ पौंडांचा, म्हणजे पावणेबावीस किलोच्या आसपासचा मासा मिशिगन राज्याचा विक्रम ठरला. तेवढ्याची आशा धरू नका, पण दहा-पंधरा पौंडांचा चिनूकही पुरेसा दमवतो. खाण्याआधी त्या राज्याची मासे खाण्याबाबतची सूचना मात्र वाचा. पीसीबी ही विषारी औद्योगिक रसायनं चरबीत साठतात, म्हणून कातडी, पाठीवरची आणि पोटाकडची चरबी काढून टाकावी आणि मोठ्यापेक्षा मध्यम मासा खावा.

सिएटलकडच्या वाचकांसाठी हिशेब वेगळा आहे. वॉशिंग्टनच्या समुद्रात, वेस्टपोर्ट किंवा नीआ बेला, सॅमनसाठी माणशी एक रॉड आणि बिनकाट्याचा गळ. दोऱ्यांचा पसारा मांडताच येत नाही, त्यामुळे तांब्याच्या तारेला तिथे फारसा अर्थ नाही. चिनूक बऱ्याचदा तळाजवळ असतो, म्हणून डाउनरिगर आणि फ्लॅशर (आमिषापुढे फिरणारी चमकती पट्टी), किंवा इंजिन बंद करून कापलेली हेरिंग शिशाच्या वजनावर वर-खाली खेळवायची. हंगाम कोट्यावर चालतो आणि मध्येच संपू शकतो. कॅलिफोर्नियात तर २०२३ आणि २०२४ मध्ये समुद्रातली हौशी सॅमन मासेमारी पूर्ण बंद होती. नियम पाहिल्याशिवाय तिकडे काही खरेदी करू नका.

वापरलेला डाउनरिगर मिळत असेल तर घ्या, त्यात बिघडण्यासारखं फार नसतं. फक्त विकणाऱ्यासमोर गोळा लावून ब्रेक हळूहळू सैल करून बघा. गोळा एकसारखा खाली गेला पाहिजे, हिसके देत नाही. तारेचे शेवटचे दहा फूट बोटांवर कापड गुंडाळून तपासा. एकही धागा सुटलेला लागला तर नव्या तारेचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा.