ब्रेकचं बिल मिळालं, काम झालंच नव्हतं

इंग्लंडात राहून जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझी एमजीबी जीटी १९७२ सालची, ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमध्ये बनलेली. घेतानाच ठरवलं होतं, इंजिनचं नंतर बघू, आधी ब्रेक. जुन्या गाड्यांचंच काम करणाऱ्या एका गॅरेजात ती दिली. आठवड्याने ९४० पौंडांचं बिल आलं: ब्रेक ऑइल नेणारे तिन्ही रबरी होज पाइप नवे, मागच्या ड्रममधले व्हील सिलेंडर (ऑइलच्या दाबाने ब्रेक दाबणारे) आणि लायनर (ड्रमला घासणारे) नवे, पुढचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे) खोलून सील बदलले, ब्रेक ऑइल पूर्ण बदललं. रोख दिलेत तर दहा टक्के कमी करतो, म्हणाले. मी रोख दिले.

तीन आठवड्यांनी आम्ही दोघं कॉट्सवोल्ड्समधला फिश हिल उतरत होतो, ब्रॉडवे गावाकडे. दोन-तीन वळणांनंतर गाडी डावीकडे ओढू लागली. जळका वास आला. पुढच्या वळणाआधी ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला टेकलं. मी दुसरा गिअर टाकला आणि हँडब्रेक ओढला. तो तारेवर चालतो, त्याला ऑइल लागत नाही, म्हणून आम्ही वाचलो. गाडी कडेच्या गवतात थांबली. दाराची मूठ घट्ट धरलेला बायकोचा हात कितीतरी वेळ सुटला नाही. डाव्या पुढच्या चाकाजवळ तर हात नेववत नव्हता, इतकं ते तापलं होतं.

गाडी टो करून घरी आणली. ओळखीचे एक निवृत्त मेकॅनिक आले. त्यांची हयात याच गाड्यांवर गेली आहे. चाक काढल्यावर त्यांनी कशालाही हात न लावता आधी बोट दाखवलं ते कॅलिपरच्या निपलकडे, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या छोट्या स्क्रूकडे. कॅलिपरला छान चंदेरी रंग मारला होता आणि तोच रंग निपलच्या षटकोनी बुडाशी सलग, न तडकलेला होता. ऑइल बदललं की ब्रेकमधली हवा काढायला निपल फिरवावाच लागतो, आणि फिरवला की तिथला रंग फुटतो. म्हणजे रंग मारल्यानंतर हा निपल कुणी उघडलाच नव्हता. फोटो मी तेव्हाच काढून ठेवला.

मग एकेक उघडत गेलं. ब्रेक ऑइलच्या वरच्या डबीतलं ऑइल फिकट पिवळं, स्वच्छ. निपलमधून आलं ते मात्र काळपट. डबीतलं तेवढं पिचकारीने ओढून नवं भरलं होतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. होज पाइप जुनेच, वरून काहीतरी चकाकणारं फासलेलं. त्यातला डावा आतून सुजला होता. पायाच्या दाबाने ऑइल पुढे जायचं, पण पाय काढल्यावर परत यायचं नाही, त्यामुळे पॅड डिस्कला चिकटून राहायचे. त्या उष्णतेने जुनं ऑइल उकळलं, त्याची वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल खाली गेलं. मागचे ड्रम बाहेरून काळे कुळकुळीत रंगवलेले. आत व्हील सिलेंडरचं रबर उचललं तर गंजाचं पाणी गळलं.

आमच्याकडे पुण्यात वडिलांचा मेकॅनिक काढलेले जुने पार्ट कागदात गुंडाळून हातात द्यायचा, न मागता. इथे ते मागायचं मला सुचलं नाही, याची मला फार खंत आहे. तुम्ही गाडी देतानाच सांगा: काढलेला प्रत्येक पार्ट परत हवा, ड्रम उघडा असताना फोटो हवा. आणि गाडी परत घेताना थोडं ऑइल निपलमधून, तुमच्या डोळ्यांदेखत काढायला लावा. डबी बघून काही कळत नाही.

आणखी एक. चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना मे २०१८ पासून इथली वार्षिक एमओटी टेस्ट, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची तपासणी, सक्तीची नाही. ती सूट घेऊ नका. टेस्टवाले चाक काढत नाहीत, त्यामुळे लायनर दिसत नाही हे खरं. पण ब्रेक तपासायच्या रोलरवर माझं अडकलेलं डावं चाक लपलं नसतं. गाडी विकत घेतानाही नंबर टाकून सरकारी वेबसाइटवर जुन्या टेस्टचे निकाल फुकट बघा.

पैशांचं सांगतो. क्रेडिट कार्डने दिले असते तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या (कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट) कलम ७५ खाली बँकेकडे दाद मागता आली असती. १०० पौंडांच्या वरच्या आणि ३०,००० पर्यंतच्या कामाला ते लागू होतं. दहा टक्क्यांसाठी मी ते गमावलं. काम नीट कौशल्याने झालंच पाहिजे, असं सांगणारा २०१५ चा ग्राहक हक्क कायदा रोखीलाही लागू आहे, त्याचा हवाला देऊन पत्र पाठवलं. चूक कबूल न करता त्यांनी ४०० पौंड परत केले. उरलेल्या रकमेसाठी मी स्मॉल क्लेम्सचा, म्हणजे छोट्या रकमांसाठी असतो तो कोर्टातला दावा लावला आहे. अर्जाला पहिला जोडलाय तो त्या निपलचा फोटो.