जामीन हक्काचा होता, तरी 40,500 गेले

शिकलेलं घर कसं फसलं, असं कोणी म्हणेल. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, भाचा पोलीस ठाण्यात अटकेत, त्याची आई ठाण्याच्या पायरीवर रडतेय आणि ओळखीच्या वकिलांचा फोन बंद. अशा वेळी समोरच्या चहाच्या टपरीवरचा माणूस येऊन "अक्का, रडू नका, उजाडायच्या आत लेकरू घरी आणतो" म्हणाला की हात खिशाकडे जातोच. हा माणूस विचारल्याशिवाय आत जात होता, शिपायांना नावाने हाका मारत होता. आम्ही विश्वास ठेवला. तालुक्याचं नाव लिहीत नाही, मराठवाड्यातलं आहे एवढं पुरे.

हिशेब असा: 25,000 "टेबल जामिनाची अनामत" (म्हणजे ठाण्यातच मिळणाऱ्या जामिनाची), 8,000 गाडी सोडवायला, 5,000 एफआयआरच्या नकलेला, 2,500 मेडिकलचे. एकूण 40,500. पावती एकाचीही नाही. यातला एकही रुपया कायद्याने त्या टपरीवर द्यायचा नव्हता.

भाच्याच्या मोटारसायकलची धडक बसून एका म्हाताऱ्याचा पाय मोडला. गुन्हा लागला भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 (बेदरकार गाडी चालवणं) आणि 125 (बी) (त्यातून गंभीर दुखापत) खाली. दोन्ही कलमं जामीनपात्र. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) जागी 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्या कलम 478 प्रमाणे जामीनपात्र गुन्ह्यात जामीन द्यायला तयार असलेल्या माणसाला सोडावंच लागतं. त्यात कोणाचे उपकार नाहीत. कलम 47 तर सांगतं की अटकेचं कारण आणि "तुला जामीन मिळू शकतो, जामीनदार बोलाव" ही गोष्ट पोलिसांनी स्वतःहून सांगायची. आम्हाला ती कोणी सांगितली नाही.

आणि जिथं डोळे उघडायला हवे होते, ती जागा आठवली की अजून झोप उडते. आत टेबलावर ठाणे अंमलदाराने काय मागितलं? आधार कार्ड, फोटो, जामीनदाराचा सातबारा आणि सह्या. बस. पैसे हा शब्दही काढला नाही. जातमुचलक्याच्या, म्हणजे हजर राहण्याच्या लेखी हमीच्या, छापील कागदावर पेनने 25,000 हा आकडा लिहिलेला होता. बाहेर आल्यावर टपरीवाल्या माणसाने त्याच आकड्यावर बोट ठेवलं, "हे बघा मामा, साहेबांनीच लिहिलंय." कागद आमच्याच हातात होता. तो आकडा भरायचा नसतो. बोलावल्यावर हजर झालं नाही तर तेवढी रक्कम वसूल होते, एवढाच त्याचा अर्थ. दोन ओळी खाली वाचल्या असत्या तरी कळलं असतं. वाचल्या नाहीत, घाईघाईत नोटा मोजल्या. पोलीस ठाण्यातल्या जामिनाला बाहेरच्या माणसाने रोख अनामत मागितली की समजा, खोटं आहे. सरकारी पैसा असेल तर पावती असते, ती मागाच.

आम्ही लाच म्हणून दिले नाहीत, अनामत म्हणून दिले. गाडीच्या 8,000 बद्दल मात्र मनात पाल चुकचुकली होती, ते कबूल करतो. जप्त गाडी कोर्टात अर्ज करून, सुपूर्दनाम्यावर (मागितली की परत हजर करण्याच्या लेखी हमीवर) सुटते. आरसी, विमा, लायसन्स जोडायचं. ठाण्याच्या आवारात गाड्या सडवत ठेवू नका, असं सुप्रीम कोर्टाने 2002 सालीच सांगितलं आहे. एफआयआरची नक्कल फिर्यादीला जागेवर फुकट मिळते, आणि संवेदनशील गुन्हे सोडले तर 24 तासांत ती पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायची, हा सुप्रीम कोर्टाचा 2016 चा आदेश आहे. आरोपीच्या घरच्यांनी तिथून उतरवून घ्यावी. अटकेनंतरची तपासणी सरकारी डॉक्टर करतो, अहवालाची प्रत अटक झालेल्याला द्यायची असते. त्याचे 2,500 कसले?

कोऱ्या कागदावर सही करू नका. अटकेच्या कागदावर घरच्या किंवा गावातल्या माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते, वेळ आणि तारीख लागते. आधी वेळ बघा, कारण 24 तासांत कोर्टापुढे उभं करायचं हे घड्याळ तिथून चालू होतं. जबाबाखाली सही मागितली तर नाही म्हणा, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 181 तेच सांगतं. बाईमाणसाला, साठीच्या पुढच्या म्हाताऱ्याला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेऐवजी कलम 35 ची नोटीस देता येते. ती मिळाली की तारखेला हजर राहा आणि प्रत जपून ठेवा.

सगळ्यात संताप आला तो नंतर. तक्रार घेऊन त्याच ठाण्यात गेलो, तर "तुम्हीच दिले ना? आमच्या माणसाने घेतले का?" एवढंच उत्तर. रोज तुमच्या दारात बसणारा माणूस तुम्हाला माहीत नाही? दुसऱ्या दिवशी म्हणे तपासी अंमलदार बंदोबस्तात. तिसऱ्या दिवशी म्हणे अदखलपात्र (कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत असा गुन्हा) करून घेतो, कोर्टात जा. न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 (4) दखलपात्र आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे आम्ही त्यांना सांगायचं! वरच्या कार्यालयात आवक शिक्का द्यायला दीड तास उभं केलं आणि शेवटी म्हणाले, "अर्ज ठेवून जा, शिक्का उद्या." शिक्का नाही म्हणजे अर्ज दिलाच नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. अर्ज परत घेतला आणि पोच पावतीसह पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवला. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 (4) मध्ये पोस्टाचा मार्ग लिहिलेलाच आहे. तिथंही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

या धावपळीत नऊ दिवस गेले, आणि ते महागात पडले. मागणी लाचेची असेल तर पैसे देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर फोन करा. जबरदस्तीने द्यावेच लागले तर 7 दिवसांत कळवा, कारण 2018 च्या दुरुस्तीपासून देणाराही गुन्हेगार ठरतो आणि सुटका त्या सात दिवसांतच आहे. आम्हाला नवव्या दिवशी हेच ऐकवून गप्प बसवायचा प्रयत्न झाला.

वकील लागत असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही, बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींनाही नाही. हेल्पलाइन 15100. हा नंबर आत्ताच घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये टाका. आमची पोच पावती आली आहे, तारीख घालून फाइलला लावली आहे. प्रतिज्ञापत्र सोमवारी करतोय.