क्रीट या ग्रीक बेटावरच्या ऑर्गॅनिक द्राक्षपानांची बरणी: बरेच महिने वापरल्यावर

स्टुटगार्टला आमच्या फ्रीजमध्ये द्राक्षाच्या पानांची बरणी आता कायम असते, आणि साध्या बरणीच्या जवळपास दुप्पट किंमत असली तरी मी ऑर्गॅनिकच आणतो. पानंच तर आहेत, एवढे पैसे कशाला असं बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितोय.

निफाडकडे आमची घरची द्राक्षबाग आहे, थॉमसन जातीची. त्यामुळे पानावर कसकसली औषधं फवारतात ते लहानपणापासून बघितलंय, भुरी आणि डाऊनी या बुरशीच्या रोगांचं वेगळं, थ्रिप्स या किडीचं वेगळं, आणि सगळा हिशोब चालतो तो माल काढताना मण्यात रेसिड्यू म्हणजे औषधाचा अंश किती उरेल यावर, पानाचा विचार कोण करणार, पान काय कोणी खात नाही. पण ग्रीक लोक भात भरून ज्या छोट्या गुंडाळ्या करतात, डोल्मादाकिया, त्यात पान अख्खं पोटात जातं! आणि फवारा सगळ्यात जास्त बसतो पानावरच. त्यात पानं तोडतात मे-जूनमध्ये, म्हणजे ऐन फवारणीच्या दिवसांत. युरोपात द्राक्षपानांना बऱ्याच औषधांची मर्यादा किलोला फक्त ०.०१ मिलिग्रॅम आहे, मण्यांना तीच कितीतरी जास्त चालते, आणि तुर्कस्तान-इजिप्तकडून आलेला माल यापायी सीमेवर अडकलाय. म्हणून वाईनच्या बागेतली उरलीसुरली पानं बरणीत भरली असं करून चालतच नाही, पानासाठी बाग वेगळी सांभाळावी लागते.

ऑर्गॅनिक म्हणजे काहीच मारत नाहीत असं मात्र नाही हं. गंधक चालतं, तांबं म्हणजे आपलं बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) पण चालतं, पण तांब्याला ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे. आणि बाग ऑर्गॅनिक करायची तर आधी ३ वर्षं त्याच पद्धतीने सांभाळायची, तोवर मालावर युरोपचं ऑर्गॅनिकचं ते हिरवं पानाचं चिन्ह लावता येत नाही. ही ३ वर्षं शेतकऱ्याला किती जड जातात हे बागवाल्यालाच कळतं, म्हणून मला किंमत खुपत नाही.

माझ्या बरणीतली पानं क्रीटमधल्या इराक्लिओ भागातल्या एका गावची आहेत, सुलतानिना जातीची, म्हणजे आपली थॉमसनच. १९२२ नंतर आशिया मायनरमधून (आजचं तुर्कस्तान) आलेल्या निर्वासितांनी तिची लागवड क्रीटमध्ये वाढवली. पान पातळ, लव जवळजवळ नाही, कडा फार फाटलेल्या नाहीत, त्यामुळे सारण बाहेर येत नाही. शेंड्याकडची कोवळी पानं हाताने तोडतात, वेलीवर पुरेशी ठेवूनच, नाहीतर घड पोसणार कशावर.

आता वापरायचं कसं. पानांची जुडी बरणीतून काढताना वरून ओढू नका, आधी पाणी ओतून द्या (थोडं बाजूला ठेवा), मग बरणी आडवी करून दोन बोटांनी हलकेच फिरवत काढा. खारटपणा भरपूर असतो, गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून परत धुवायची, आणि भातात मीठ अगदी नावाला. खडबडीत बाजू वर, देठ खुडून टाकायचा. फाटकी पानं पातेल्याच्या तळाशी अंथरायची, गुंडाळ्या चिकटून लावायच्या, वर पालथी ताटली, लिंबू, ऑलिव्ह ऑइल आणि मंद गॅस. शेजारच्या क्रीटच्या आजी तांदळात कांदा, शेपू, पुदिना घालतात, तसंच करतो.

वड्यासुद्धा केल्या, अळूवडीसारख्या! पान लहान असल्यामुळे पाच-सहा पानं एकावर एक सरकवून लावावी लागतात, बेसनात मीठ घालायचंच नाही, चिंचही निम्मी, कारण पानालाच आंबटपणा आहे. घशाला खाज नाही. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवल्या तर म्हणाली बागेतली घेऊन बघू का, मी नको म्हटलं, आपल्या बागेतलं पान औषधाचं आहे.

तक्रार एकच. एक बरणी अशी आली की पानं जाड आणि शिरा टणक, तासभर शिजवूनही चोथा तोंडात राहिला, उशिरा तोडलेली असणार. दुकानदाराने बदलून दिली, पण बरणीवर तोडणीचा महिना छापायला हवा, नुसती एक्सपायरी छापून काय उपयोग. आणि उघडल्यावर पानं खाऱ्या पाण्यात पूर्ण बुडलेली हवीत, वर आलेलं पान दोन दिवसांत काळं पडतं, बाजूला ठेवलेलं पाणी त्यासाठीच.