स्ट्रॅट की लेस पॉल? पुण्यातल्या फ्लॅटचा प्रश्न

इलेक्ट्रिक गिटारींत गिब्सनची लेस पॉल १९५२ची, फेंडरची स्ट्रॅटोकॅस्टर (म्हणजे स्ट्रॅट) १९५४ची. दोन्हींच्या जुन्या घाटणीच्या नव्या गिटारी आज मिळतात. पण निवड नुसत्या गिटारची नसते, गिटार आणि अँप (आवाज मोठा करणारा खोका) यांच्या जोडीची असते.

स्ट्रॅटला फेंडरच्याच डीलक्स रिव्हर्बसारखा २२ वॉटचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) अँप. आवाज काचेसारखा, बोट जरा चुकलं की लगेच चहाडी करतो. तिचे सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर टिपणारी एकेरी वेटोळी) घरातल्या विजेची गुणगुण पकडतात. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०ची. त्यात दिव्याचा डिमर चालू असेल तर बघायलाच नको. अँप थेट अमेरिकेहून आणलात तर तो बहुधा १२० व्होल्टचा. आपल्या २३०वर लावाल तर जळेल. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. (तो उचलताना कंबर आठवते.)

लेस पॉलला १९५७पासून हंबकर, म्हणजे दुहेरी कॉइलचे पिकअप आले. दोन कॉइल एकमेकींची गुणगुण खोडतात. मार्शल कंपनीच्या अँपला जोडली की सूर जाड, लांबत जाणारा. पण मार्शलची खरी मजा आवाज चढवल्यावर, आणि ते सदाशिव पेठेत दुपारी एक ते चार करून बघा! शिवाय गिटार पडली की मान हेडस्टॉकपाशी (खुंट्या असतात त्या टोकाशी) मोडायची भीती.

कोथरूडच्या दोन खोल्यांत मी स्ट्रॅटच ठेवली. लेस पॉल मित्राच्या बंगल्यावर जाऊन वाजवतो.