पोटातली बॅटरी की सुटी?

भाच्याचा बोरिवलीहून फोन. "मामा, स्क्रू मारायला कॉर्डलेस मशीन घ्यायचंय. एक यूएसबीवालं आहे, बॅटरी आतच. दुसरं बारा व्होल्टचं, दोन सुट्या बॅटऱ्या आणि चार्जर. पहिलं जवळजवळ निम्म्यात येतंय. कुठलं घेऊ?" टॉर्क, आरपीएम, बिटांचा डबा हे सगळं त्याने आधीच तोंडपाठ केलं होतं, म्हणून त्यात मी शिरलो नाही. माझ्याकडे ही दोन्ही होती. आता एकच आहे. कोणतं ते सांगण्याआधी दुसऱ्यावर अन्याय नको, म्हणून जरा लांबण लावतो.

आमच्या माहीमच्या घरात वर्षभर स्क्रू मारायला असतं काय? पडद्याचा रॉड, स्वयंपाकघरातल्या कपाटाची लोंबलेली बिजागरी, कधी शेजारच्या काकूंचं देवघर. खरं काम गणपतीत. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आली आणि टाचण्या-फेविकॉलवर उभं राहणारं आमचं मखर प्लायच्या पट्ट्यांवर आलं. ऐंशी-नव्वद स्क्रू बसवायचे आणि विसर्जनानंतर तेवढेच काढायचे. पहिल्या वर्षी हातानेच केलं, तळहाताला फोड आले, पुढच्या वर्षी मशीन घरात. म्हणजे आठवडाभर जुंपायचं आणि उरलेलं वर्ष माळ्यावर टाकायचं. लिथियम बॅटरीला त्या आठवड्याचं काही वाटत नाही. तिला हा माळा बाधतो.

पोटातल्या बॅटरीचं कौतुक आधी. हातात हलकं, ड्रॉवरमध्ये मावतं, मोबाइलच्या चार्जरवर चालतं. मुंबईच्या घरात एक प्लग पॉइंट मोकळा राहणं ही काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको. आमचं पहिलं मशीन असंच होतं आणि त्याने दोन गणपती निमूटपणे काढले. बायकोच्या मते तेच बरं होतं, आणि वजनाच्या बाबतीत तिचं म्हणणं मला खोडता येत नाही.

घोडं अडलं ते केबलवर. बॉक्समध्ये वीतभर लांबीची एक काळी केबल आली होती. मशीनच्या बाजूला सी-पिन, म्हणजे हल्लीच्या मोबाइलची लंबगोल यूएसबी, चार्जरच्या बाजूला जुनी चौकोनी पिन. तेव्हा घरात चौकोनी पिनेचे चार्जर ढिगाने होते, त्यामुळे काही जाणवलं नाही. मग मोबाइल बदलले, लेकीचा लॅपटॉप आला आणि बघता बघता सगळ्या केबल दोन्ही टोकांना सी-पिनवाल्या झाल्या. एका संध्याकाळी मशीन चार्जिंगला लावलं तर दिवाच लागेना. पिन उलटी करून बघितली, चार्जर बदलला, केबल बदलली. गेलं म्हणून ठेवून दिलं. दोन दिवसांनी सहज ती काळी केबल जुन्या चार्जरला लावली आणि लाल दिवा हजर.

कारण नंतर कळलं. दोन्हीकडे सी-पिन असली की पलीकडे कोण आहे याची ओळख पटल्याशिवाय चार्जर ५ व्होल्ट सोडतच नाही. ती ओळख म्हणजे मशीनच्या सॉकेटमागे लावायचे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर, विजेला ठरावीक अडथळा करणारे बारीक तुकडे. किरकोळ किमतीची वस्तू, पण स्वस्त मालात तीच गाळतात. जुनी चौकोनी पिन काहीच विचारत नाही, तिच्यावर ५ व्होल्ट कायम हजर असतात, म्हणून तिथे गाडं चालतं. सॉकेटचा आकार पाहून आपल्याला वाटतं घरातला कुठलाही चार्जर चालेल. प्रत्यक्षात चालते ती एकच केबल.

आणि ती एकच केबल कधी जागेवर नसे. लेक ती रील काढायच्या लाइटला लावायची. एकदा ती बायकोच्या ऑफिसच्या पर्समध्ये निघाली. शेवटी एका अनंत चतुर्दशीनंतर मखर सोडवता सोडवता मशीन पार बसलं, केबल सापडेना, "नंतर बघू" म्हणून ते तसंच रिकाम्या पोटी माळ्यावर गेलं. माळा स्वयंपाकघरावर, खाली गॅस. पुढच्या श्रावणात काढलं तेव्हा केबल होती, चार्जर होता, लाल दिवा तीनदा मिचकावून बंद.

बॅटरीतला सेल अडीच व्होल्टच्याही बराच खाली जाऊन बराच काळ पडला की आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळायला लागतं. मग चार्ज करताना ते भलत्याच जागी जाऊन बसतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं. म्हणून मशीनमधलं सर्किट अशा सेलला चार्ज घ्यायला नकार देतं, आणि त्या नकाराला नावं ठेवू नयेत. लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एकाने "झटका देऊन उठवून देतो" म्हटलं, मी हात जोडले. सेल बदलायचा तर बॉडी चिकटवलेली. मोटर ठणठणीत, गिअर ठणठणीत, आणि बोटाएवढ्या एका सेलपायी सगळं ई-कचऱ्यात. चूक माझीच होती हे मान्य आहे. पण चूक करायला इतकी सोय करून ठेवलेली वस्तू पुन्हा घ्यावीशी वाटली नाही.

सुट्या बॅटरीच्या मशीनला कटकटी नाहीत असं मुळीच नाही. एकदा एका कंपनीचं कुंकू लावलं की बॅटरी, चार्जर, पुढची यंत्रं सगळं त्याच घरचं. नुसतं मशीन स्वस्त दिसतं, जादा बॅटरीची किंमत ऐकली की घाम फुटतो. चार्जर विटेएवढा आणि त्याला स्वतःचा पॉइंट हवा. परदेशातून मागवण्याच्या भानगडीतही पडू नकोस. माझ्या चुलतभावाने न्यू जर्सीहून मोठ्या प्रेमाने सेट आणला, चार्जरवर बारीक अक्षरात फक्त १२० व्होल्ट. आपल्या २३० वर लावला असता तर धूर. बॅटऱ्या तेवढ्या इथे मिळणाऱ्या त्याच सिरीजच्या चार्जरवर चालल्या. त्यासुद्धा हातातल्या सामानात आणाव्या लागतात, कारण सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत टाकता येत नाहीत. विमानात १०० वॉट-अवरपर्यंत (व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर) मुभा असते आणि बारा व्होल्टचा, खरं तर १०.८ चा, २ अँपिअर-अवरचा पॅक म्हणजे सुटी बॅटरी २२ च्या आसपास, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. आणि आरसीसीच्या बीमला भोक पाडायचं असेल तर ही दोन्ही विसर, वायरवालं हॅमर ड्रिल कुणाकडून तरी माग.

तरीही माझ्या कपाटात आज सुट्या बॅटरीचंच आहे. त्याचं कारण ऐकून तू हसशील. त्याचा तो विटेएवढा चार्जर घरात दुसऱ्या कशालाच लागत नाही. म्हणून तो कुणी पळवत नाही. ठेवला तिथेच सापडतो.

बाकीचे फायदे मला वापरताना कळले. पॅकवर बटण दाबलं की तीन दिवे किती उरलंय ते सांगतात. पोटातल्या मशीनवर लाल आणि हिरवा एवढंच, तेही चार्जिंगला असताना. आता लिथियमची तब्येत राहते ती अर्ध्या पोटी ठेवल्यावर. पण अर्धं झालंय हे दिसलं तर अर्ध्यावर ठेवणार ना? मी मखर उतरवलं की दोन दिवे असताना पॅक मशीनमधून काढतो आणि खालच्या, गार कपाटात ठेवतो, माळ्यावर नाही. दिवाळीच्या साफसफाईत एकदा बटण दाबून बघतो, होळीला एकदा. एकच दिवा दिसला तर थोडा वेळ चार्जिंग. पॅकच्या पितळी पट्ट्यांवर प्लॅस्टिकचं झाकण आणि पिशवीत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या, कारण आमच्याकडे पावसाळ्यात खाऱ्या हवेने कुलूपसुद्धा हिरवं होतं. सुट्या स्क्रूंच्या पिशवीत पॅक उघडा टाकायचा नाही, एवढं एक मात्र कडक.

नागदेवी स्ट्रीटला, हत्यारांच्या बाजारात, दुकानदार अजून सांगतात, "भाऊ, पहिल्यांदा आठ तास चार्ज करा, आणि पूर्ण उतरल्याशिवाय लावू नका." हे निकेल-कॅडमियमच्या काळातलं शहाणपण. लिथियमला तसली आठवण नसते. अर्ध्यावर लाव, पाऊण झाल्यावर काढ, तिला चालतं. चालत नाही ती उष्णता. सलग वीस-पंचवीस स्क्रू मारून पॅक हाताला चटका देत असेल तर अर्धा तास पंख्याखाली ठेव, मग चार्जरवर. चांगले चार्जर गरम पॅक ओळखून स्वतःच थांबतात. माझ्या जुन्या मशीनने असं कधी थांबलेलं मला दिसलं नाही, अर्थात मी काही थर्मामीटर लावून बसलो नव्हतो.

तिथेच '४८ व्हीएफ' लिहिलेलं, ४८ व्होल्टचं वाटावं असं स्वस्त मशीन दाखवतील. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा. अठ्ठेचाळीसला भाग दे, तेरा-चौदा सेल लागतील. पॅक हातात घेतलास की पाचाच्या वर सेल मावणार नाहीत हे कळतंच. दिव्यांसाठी पदपथावर मिळणाऱ्या ९९०० एमएएचच्या (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती मावतं त्याचं माप) १८६५० सेलचंही तेच, १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब म्हणून ते नाव. त्या आकारात चांगला सेल ३५०० च्या आसपास जातो.

दिव्यांचा विषय निघालाच आहे तर, तिथे माझं मत थोडं हलतं. आई टॉर्चलाच बॅटरी म्हणते, त्यामुळे आमच्याकडे "बॅटरीची बॅटरी संपली" हे वाक्य रोजचं. तिच्या उशाशी पोटातल्या बॅटरीचाच टॉर्च आहे आणि तोच योग्य आहे. रात्री दोनदा उठते, रोज वापरते, आठवड्याने माझ्याच केबलवर लावते. रोज हातात असलेल्या वस्तूवर उपासमारीची वेळ येतच नाही. इमर्जन्सी लाइटचं उलट. मुंबईत लाइट जात नाही, या भरवशावर तो वर्षानुवर्षं भिंतीला टांगलेला. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी सगळी मुंबई बंद पडली, मी मीटररूममध्ये जायला तो उचलला, दोन मिनिटांत पिवळा पडून गप्प. त्यात चार व्होल्टची लेड-अॅसिड होती, तिला सतत भरलेलं पोट लागतं. लिथियमला सतत भरलेलं पोटही मानवत नाही, विशेषतः उकाड्यात. म्हणून आता अडीअडचणीला मी वेगळा दिवा ठेवलेलाच नाही. मशीनच्याच पॅकवर बसणारं दिव्याचं डोकं घेतलंय.

तर तुझं. भाड्याचं घर, वर्षातून दोन फळ्या ठोकायच्या आणि मशीन टेबलाच्या ड्रॉवरमध्ये डोळ्यासमोर राहणार असेल, तर निम्म्या किमतीचं घे, मी नाही म्हणणार नाही. फक्त दुकानात जाताना तुझा मोबाइलचा चार्जर आणि दोन्हीकडे सी-पिन असलेली केबल खिशात टाक. काउंटरवरच लावून बघ. दिवा लागला तर पैसे दे. नाही लागला तर दुकानदार म्हणेल, "त्याची केबल बॉक्समध्ये आहे ना." तेव्हा त्याला दुसरं मशीन दाखवायला सांग.