ओटीपीच्या आधी रक्कम वाचा : माझे ९६,९७३ रुपये असे गेले

४८,७६० रुपये, ३६,९९९ रुपये आणि ११,२१४ रुपये. एकूण ९६,९७३. सोलापूरच्या चाटी गल्लीत टॉवेल-चादरीचं दुकान चालवतो, दिवसभर आकड्यांतच असतो. म्हणूनच जो भेटेल तो विचारतो, "तुम्ही कसे काय फसलात हो?" फिशिंग, म्हणजे खोटे मेसेज पाठवून माहिती काढून घेणं, काय असतं हे मलाही माहीत होतं. लॉटरीचे, केवायसीचे, वीज तोडण्याचे मेसेज मी रोज पुसतो. मला आलेला मेल तसला नव्हता.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस. दुकानात परगावची गिऱ्हाईकं, भाव करून देणं, गठ्ठे उलगडणं चाललेलं. त्यात माझ्या क्रेडिट कार्डाच्या बँकेच्या नावानं मेल आला : 'आपले ९,८५० रिवॉर्ड पॉइंट आज रात्री १२ वाजता रद्द होतील.' लोगो तोच, रंग तोच, माझं पूर्ण नाव, शिवाय तळाला 'ओटीपी कुणालाही सांगू नका' ही सूचनासुद्धा! कार्डावरच्या खरेदीचे माझे पॉइंट खरोखर साठलेले होते आणि कंपनी ते मुदत संपली की रद्द करतेच. मग संशय घ्यायचा कशाचा?

संशय घ्यायला जागा होती, ती नंतर रात्री बसून बघितल्यावर दिसली. मेलमध्ये माझ्या कार्डाचे पहिले चार आकडे होते. मला वाटलं, नंबर यांच्याकडं आहे म्हणजे खरेच असणार. पण पहिले आकडे कार्ड देणाऱ्या बँकेचे असतात, हजारो लोकांच्या कार्डांवर तेच. खरी कंपनी शेवटचे चार आकडे लिहिते. जुनी स्टेटमेंटं काढून ताडून पाहा. पाठवणाऱ्याच्या नावावरही जाऊ नका, ते कुणीही काहीही ठेवतो. मोबाईलवर त्या नावावर बोट ठेवलं की खरा पत्ता उघडतो. माझ्या मेलच्या पत्त्यात बँकेचं नाव होतं, पण ॲटच्या (@) आधी. ॲटनंतर भलतंच काहीतरी.

लिंकवरचं पानही हुबेहूब. कुलपाचं चिन्ह होतं. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की मधल्या वाटेत कुणी वाचत नाही. पलीकडं चोर बसला असेल तर तुमची माहिती त्याच्याकडंच सुखरूप पोचते. रिझर्व्ह बँकेनं २०२५ साली बँकांना आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यायला सांगितलंय. बँकेचं पान म्हणून काही उघडलं तर पत्त्याच्या शेवटी ते आहे का बघा.

कार्ड नंबर, मुदत, मागचा तीन आकडी नंबर भरला. ओटीपी आला. आणि इथंच माझं डोकं अजून तापतं. त्या मेसेजमध्ये स्वच्छ लिहिलं होतं, '४८,७६० रुपयांच्या खरेदीसाठी ओटीपी', पुढं दुकानदाराचं नाव. पण मेसेज उघडतो कोण? फोन ते सहा आकडे कीबोर्डच्या वर आपोआप आणून ठेवतो, बोट लावलं की भरले. पॉइंट मिळवायला ओटीपी लागतो म्हणून मी लावलं. पान म्हणालं, 'ओटीपी चुकीचा, पुन्हा टाका.' दुसरा आला, तोही भरला. ते ३६,९९९. ओटीपी 'चुकीचा' म्हणून दुसरा मागितला की तिथंच थांबा. अशा पानावर पहिला बरोबरच असतो, त्याचे पैसे गेलेले असतात.

पैसे गेल्याचं कळलं तसा लगेच बँकेच्या कस्टमर केअरला फोन लावला. भाषा निवडा, कार्ड नंबर टाका, मग गाणं. मी फोनवर असताना ११,२१४ चा तिसरा मेसेज आला. परदेशी व्यवहार, ओटीपी नाहीच! परदेशातले कित्येक दुकानदार ओटीपी मागत नाहीत. मुलानं कधी अभ्यासाचं काही घेताना परदेशी व्यवहार चालू केले होते, ते तसेच राहिले. आज ॲप उघडा आणि बंद करा. आत्ता.

पुढचं ऐका. बँकेचं उत्तर : "ओटीपी तुम्हीच दिलात, जबाबदारी तुमची." बरं, मग तिसऱ्याचा ओटीपी कुठंय? "तो व्यवहार कार्ड ब्लॉक होण्याच्या आधीचा आहे." आधीचा म्हणजे तुमच्या गाण्याच्या वेळचा! रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं, की ग्राहकानं कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं आणि ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच. शाखेत ते दाखवलं तर साहेब म्हणाले, "क्रेडिट कार्डाचं आमच्याकडं नसतं, मेल करा." मेल केला तर तक्रार क्रमांक येतो आणि थोड्या दिवसांनी तक्रार 'निकाली' निघते. वरून विलंब शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि वसुलीवाल्याचे फोन भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. चोरी माझी झाली आणि तगादाही मलाच.

पोलीस ठाण्यात म्हणाले, साहेब यात्रेच्या बंदोबस्तात आहेत, नंतर या. नंतर गेलो तर, पैसे गेले तो दुकानदार दुसऱ्या राज्यातला, तिकडं जा. अहो, हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यायचा हे आता कायद्यातच आहे! लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. मी पहिल्या वेळी पोच न घेताच आलो, तर माझा अर्जच सापडेना.

पैसे गेले की बँकेचं गाणं ऐकत बसू नका, घरातल्या दुसऱ्याला त्याच वेळी १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावायला सांगा. पैसा पुढं सरकायच्या आत अडवला तरच अडतो. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. मी केली आहे, ११,२१४ चा मुद्दा वेगळा मांडून. ते तरी मी सोडणार नाही.

सोलापुरात आणखी कुणाला हा ९,८५० पॉइंटचा मेल आला असेल तर पुसू नका. लिंक न उघडता तसाच ठेवा आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इनवर कळवा. एकट्याच्या अर्जाला ठाण्यात किंमत नाही, चारचौघांचे अर्ज गेले तर निदान नोंद तरी होईल.