पेन्सिलीच्या खुणांनी केलेला घात

बॉस्टनला आल्यावर मला बेसबॉलचं वेड लागलं, आणि त्यातही वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे दरवर्षीच्या अंतिम विजेतेपदाच्या मालिकेच्या, जुन्या प्रोग्रॅमांचं. मैदानावर विकल्या जाणाऱ्या या पातळ पुस्तिका. आत खेळाडूंची नावं, जाहिराती आणि गुण लिहायला आखलेले चौकोन. लोक पेन्सिलीनं गुण भरायचे आणि घरी जाताना बहुतेक फेकून द्यायचे. पहिली सिरीज १९०३ची, बॉस्टन विरुद्ध पिट्सबर्ग. तिची सुरुवात झाली त्या हंटिंग्टन अव्हेन्यूच्या मैदानाच्या जागी आज नॉर्थईस्टर्न विद्यापीठ आहे. बॉस्टनचा तेव्हाचा नामांकित पिचर (बॉल टाकणारा खेळाडू) साय यंग याच्या तिथल्या पुतळ्यापाशी मी अनेकदा जाऊन उभा राहतो.

गेल्या वर्षी एकानं मला त्याच सिरीजचा प्रोग्रॅम देऊ केला. आजोबांच्या ट्रंकेत सापडला, म्हणाला. मागचं पान फाटलेलं, म्हणून स्वस्त. फोटोत पहिल्या मॅचचे गुण पेन्सिलीनं भरलेले होते: पहिल्याच डावात पिट्सबर्गचे ४ रन, शेवटी ७-३. जुन्या नोंदींशी ताडून पाहिलं, सगळं जुळलं. साय यंगला डोळ्यांसमोर बॉल टाकताना बघत कुणीतरी हे आकडे लिहिले असतील, या विचारानंच मी भाळलो. ४,२०० डॉलर दिले, तेही त्याच्या सांगण्यावरून, ऑनलाइन पैसे पाठवतानाच्या ‘ओळखीच्या व्यक्तीला’ या पर्यायानं. त्यात कमिशन वाचतं, पण खरेदीदाराला पैसे परत मागायची सोय राहत नाही.

पाकीट उघडून भिंग लावलं. खऱ्या पेन्सिलीच्या रेघेला तिरप्या उजेडात राखाडी चकाकी असते, जोरात लिहिलेलं असेल तर पानामागे उठाव लागतो. इथे दोन्ही नाही. प्रत्येक आकडा बारीक ठिपक्यांचा होता, म्हणजे पेन्सिलीसकट छापलेला! अतिनील टॉर्चखाली कागद निळसर पांढरा उजळला. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं १९०३ साली नव्हतीच. पिवळेपणा वरून चढवलेला.

पैसे पाठवण्याआधी मी त्याच्याकडे तिरप्या उजेडातला फोटो आणि त्या टॉर्चखालचा व्हिडिओ मागायला हवा होता. तुम्ही मागा, आणि तो टाळाटाळ करू लागला तर तिथेच थांबा.

त्याचा फोन बंद लागतो. पैसे तुम्हीच पाठवलेत, म्हणून बँकेनं हात वर केले. पोलिसांत तक्रार दिली आहे. गेल्या महिन्यात दुसऱ्या नावानं तसाच प्रोग्रॅम विक्रीला आला. पहिल्या डावातल्या ४ची शेपटी तशीच चौकोनाबाहेर गेलेली.